तुमच्यासाठी ऐकलेलं

मामंजी,

तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडून बोलायचं, ही सवय माझ्या गळ्याला इतकी जडली होती की सांगलीला आल्यावर पहिली काही वर्षं मी नुसतं ‘पाणी देऊ का’ म्हटलं तरी घरातली माणसं दचकायची. कागदावर ओरडावं लागत नाही, तेवढी एक सोय आहे. मी तुमची सून, तुमच्या एकुलत्या मुलाची बायको. तुमच्या घरात मी पाच-सहा वर्षं काढली आणि बाकीचा सगळा जन्म दुसऱ्या घरात. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता थोरली आहे. काही घडलंय म्हणून लिहितेय असं नाही. कुणी काही विचारलेलं नाही, जुनं काही हाताला लागलेलं नाही. सकाळी खिडकीत बसले होते, कुपवाडला कामावर जाणाऱ्या पोरांच्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या, आणि मनात आलं की मामंजींना लिहावं. आलं तशी बसले.

लग्नात मी सतरा वर्षांची होते. माझं माहेर सांगलीचं, तुमचं गाव कोरेगावपासून गाडीवाटेनं आत. तुमचे चिरंजीव फौजेतून रजेवर आले होते, रजा संपायच्या आत लग्न उरकलं आणि रजा संपली तशी ते कोरेगावला आगगाडीत बसले. त्यांचं मला आठवतं ते फार थोडं आहे. पायाला पट्ट्या गुंडाळताना वाकलेली पाठ, दाढीच्या साबणाचा वास, आणि जेवताना ताटाच्या कडेवर बोटानं काहीतरी वाजवत राहायची खोड. ते मोर्स होतं, तारेची लांब-आखूड ठोक्यांची भाषा, हे पुढं तुमच्याकडून कळलं. तुम्ही स्वतः पहिल्या लढाईत तारेवर काम केलेलं, मग जबलपूरला पोरांना शिकवून जमादार म्हणून पेन्शनीत आलेले. मुलालाही तुम्हीच शिकवलंत, तो शाळेत जायच्या वयाचा असताना, अंगणात पाट मांडून. त्या शिक्षणावरच तो फौजेत सिग्नलवाला झाला आणि मलायाला गेला.

मग तार आली. मेले असं तारेत नव्हतं, धरले गेले असंही नव्हतं. बेपत्ता, एवढंच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी मला कपाळाचं कुंकू पुसू दिलं नाही, आणि गावातल्या बायकांनी मला हळदीकुंकवाला बोलावणं हळूहळू सोडून दिलं. दोन्ही बरोबरच होतं. लढाई संपल्यावर कोरेगावकडचा एकजण कैदेतून परत आला. त्यानं सांगितलं, सिंगापूरच्या छावणीत दिसला होता, मग त्यांना बोटीत घालून कुठल्यातरी बेटांवर नेलं, पुढचं ठाऊक नाही. फौजेच्या कचेरीला तुम्ही पत्रं लिहीत होता आणि चौकशी चालू आहे असं उत्तर येत होतं. त्या काळात मला काय वाटत होतं ते आजही मला सांगता येत नाही. भाकरी थापत होते, सारवत होते, उसाला पाणी सोडलं की मळ्यात जेवण पोचवत होते. हाताला मुंग्या आल्यावर हात दिसतो, हलतो, पण आपला वाटत नाही, तसं काहीतरी होतं. दुखत नव्हतं.

हौशी बिनतारीचं लायसन तुमच्याकडे आधीपासून होतं. लढाई लागली तेव्हा सरकारनं सगळ्यांची लायसनं थांबवली आणि तुमचं यंत्र जमा करून घेतलं. लढाई संपली, लायसन परत मिळालं, आणि तुम्ही पुण्याला फौजेच्या लिलावात जाऊन हिरव्या रंगाची एक लोखंडी पेटी घेऊन आलात. ऐकायचं आणि पाठवायचं दोन्ही त्याच पेटीत. दर्शनी बाजूला बटणं, खटके, मधे एक मोठी चकती आणि कोपऱ्यात काचेआड काटा. धान्याच्या खोलीत कणगी सरकवून तुम्ही टेबल लावलंत, लिंबापासून चिंचेपर्यंत तांब्याची तार ताणलीत. आत्याबाई म्हणाल्या, “आवं, ह्याच्यावर धुणं वाळत घालू का?” तुम्हाला ऐकू गेलं नाही म्हणून त्यांनी घातलंच, आणि मग तुमचा आवाज चढला तो शेजारच्या आळीपर्यंत गेला.

तुमचा उजवा कान तोफेनं गेला होता. डावा आधी बरा होता, पण हिवतापावरच्या क्विनाइननं आणि वयानं त्याचंही पार पाणी झालं. तुम्ही ते कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी टेबलाशी बसायचात, हेडफोन कानावर दाबून धरायचात, आणि काही वेळानं काढून ठेवायचात. एकदा तुम्ही तो असाच काढून ठेवला होता, चष्मा पुसत होता, आणि मी कणगीतून ज्वारी काढायला आले. टेबलावरच्या हेडफोनातून किड्यासारखा बारीक आवाज येत होता. दाराशी आत्याबाई होत्या. मी त्यांना हळूच म्हटलं, “आत्याबाई, ते वाजतंय अजून.”

आत्याबाई ओरडल्या, “आवं, वाजतंय म्हंतीया ही!”

तुम्ही हेडफोन लावलात, एक बटण फिरवलंत, दुसरं फिरवलंत. “कुठं वाजतंय? कसं वाजतंय? म्हणून दावायला सांग तिला.”

सासऱ्यापुढे मी तोवर तोंड उघडलेलं नव्हतं. पदर पुढं ओढला आणि दाराच्या कडेला उभी राहून म्हणाले, लांब, आखूड, लांब, आखूड. मग लांब, लांब, आखूड, लांब.

“मोठ्यानं!” तुम्ही म्हणालात.

तुमच्या घरात मी मोठ्यानं बोललेले पहिले शब्द ते. ते ऐकून तुम्ही चष्मा न घालताच माझ्याकडे बघितलंत, म्हणजे पदराकडे. “आगं, हाक मारतोय कुणीतरी,” तुम्ही म्हणालात. “कोन हाय का म्हणून सगळ्यांस्नी हाक मारतोय.” आणि मग आत्याबाईंना, मी तिथं नसल्यासारखं, “उद्यापासनं हिला संध्याकाळची हिकडं बसवायची. भाकरीचं तू बघ.”

आत्याबाईंनी तीन दिवस अबोला धरला. हेडफोन पदरावरून घालायचा की पदराखालून, हाही घरात मोठा प्रश्न झाला. वरून घातला तर आवाज दबतो, खालून घातला तर पदर घसरतो. शेवटी खालून ठरलं. मग माझ्या बुगड्या टोचायला लागल्या. कान लाल व्हायचे. बुगड्या काढून ठेवते म्हटलं तर आत्याबाई म्हणाल्या, “काही उतरवायचं न्हाई अंगावरचं. त्यो आला म्हंजे काय म्हणंल?” दुसऱ्या दिवशी तुम्ही माणदेशातल्या धनगराकडून घेतलेल्या घोंगडीचा कोपरा कापलात, दोन गोल चकत्या केल्यात, मधे भोकं पाडलीत आणि हेडफोनला शिवून दिलीत. जमादाराच्या हातची शिवण होती, टाके एकसारखे. लोकर खरखरीत होती, पण कान दुखायचे थांबले.

तुमचं शिकवणं फौजी होतं. आधी काटा. बॅटऱ्या बैलगाडीतून कोरेगावच्या गिरणीत भरून आणाव्या लागत, त्यामुळे काटा खाली असेल तर पुढं काही करायचंच नाही. मग मोठा खटका, आत घुंई असा आवाज, आणि व्हॉल्व, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापेपर्यंत थांबायचं. तुम्ही पेटीच्या जाळीवर हात ठेवून गरम झालं की नाही बघायचात. मग आवाजाचं बटण अर्ध्यावर, त्याच्या शेजारचं पूर्ण, आणि चकती अशी फिरवायची की फिरतेय हे बोटालाच कळावं, डोळ्याला कळू नये. एखादं स्टेशन सापडलं की ते शिटीसारखं ऐकू येतं, मग तिसऱ्या बटणानं शिटी आपल्या कानाला सोसेल इतकी खाली आणायची. आपण उत्तर देणार असू तर आपलं यंत्र त्याच्या जागी नेऊन ठेवायचं. त्यासाठी वेगळा खटका होता. तो लावला की आपल्याच यंत्राची शिटी ऐकू यायची, चकती फिरवत गेलं की ती उतरत उतरत घुमण्यासारखी व्हायची, मग काहीच नाही, आणि त्याच्या पलीकडे परत चढायला लागायची. तुम्ही म्हणायचात, “काहीच न्हाई तिथं थांब. तीच त्याची जागा.” हे मला दोनदा सांगावं लागलं नाही.

की, म्हणजे खुणा पाठवायची दांडी, मात्र तुमच्या हातात. लायसन तुमचं होतं, मी फक्त ऐकायचं आणि बटणं लावायची. मी अक्षर म्हणायची, तुम्ही ते मनात जुळवायचात. ए, बी, सी मी अशी शिकले, आवाजावरून. डोळ्यांनी वाचायला शिकले ते फार नंतर. एकदा, तुम्ही पाणी प्यायला उठला असताना, मी की दाबून बघितली. काटा उडून कडेला आपटला आणि जाळीआडून लाल उजेड दिसला. तुम्ही दारातून धावत आलात आणि माझा हात नव्हे, टेबल बडवलंत, इतक्या जोरानं की पाण्याचा तांब्या पडला. “व्हॉल्व जळंल! काटा न बघता दाबलीस?” मी रडले नाही. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. रडायला हवी होती असं तुम्हाला वाटलं असावं. मग जरा वेळानं म्हणालात, “जळला न्हाई. बस.”

त्याहून कडक बोललात ते दुसऱ्या एका गोष्टीवरून. एक अक्षर मला नीट लागलं नव्हतं, पुढच्या-मागच्यावरून मी अंदाजानं सांगितलं आणि ते चुकलं. तुमच्या लक्षात आलं. “लागलं न्हाई तर गेलं म्हण,” तुम्ही म्हणालात. “मनानं घालायचं न्हाई. तिकडं माणूस मरतंय हिकडं मनानं घातल्यानं.” त्या दिवसापासून जे ऐकू आलं नाही त्याला मी ‘गेलं’ म्हणू लागले.

ऑस्ट्रेलियातला एक माणूस आम्हाला याच सुमारास सापडला. ‘आम्हाला’ लिहितेय, खरं तर तुम्हाला. पण त्याचा हात मी ओळखायची. त्याची लांब खूण जरा जास्तच लांब असायची, रेंगाळल्यासारखी. त्याचं नाव यायच्या आधीच मी सांगायची, “मामंजी, तो मेंढरांवाला.” तो रेल्वेत होता, त्याच्या गावाभोवती मेंढरंच मेंढरं होती. तुम्ही त्याला आपल्याकडच्या धनगरांचं सांगायचात, तो त्याच्याकडच्या पावसाचं सांगायचा. इकडे दिवेलागण व्हायची तेव्हा तिकडे रात्र झालेली असायची. तो काय म्हणाला ते तुम्ही मला कधीकधी मराठीत सांगायचात, आणि अशानं काही शब्द मला आपोआप यायला लागले. एकदा त्याच्याकडून चार अक्षरं आली आणि तुम्ही मान हलवून म्हणालात, “कुत्रं मेलं त्याचं. लय दिसांचं हुतं.” डी, आय, ई, डी. तो शब्द माझ्या कानात कुत्र्यासकट राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ सांगलीहून आला. तुमच्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या आळीला ऐकवायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा तो हळू बोलला, तुम्ही कानाला हात लावलात, आणि मग त्याला ओट्यावर बसून ओरडावं लागलं, “जमादारसाहेब, किती दिस बसवायची हिला? आमच्यात पाटाची चाल हाय. एक स्थळ बी हाय सांगलीत, माणूस चांगला हाय!” समोरच्या घरातल्या बायका सूप हातात घेऊन उभ्या राहिल्या.

“आन् त्यो उद्या दारात हुबा ऱ्हायला म्हंजे?” तुम्ही विचारलंत.

“मग एक काय ती खात्री करा की! जित्ता हाय तर तसं सांगा, बसंल ती. न्हाई तर मोकळी करा.”

आतून आत्याबाई म्हणाल्या, “जित्ताच हाय.” ते तुम्हाला ऐकू गेलं नाही, मला गेलं.

तुम्ही नियमात चालणारे होता. त्या यंत्रावरून घरगुती चौकशा करायला परवानगी नव्हती, आणि तुम्ही तोवर कुणाला मुलाबद्दल चकार शब्द विचारला नव्हता. भाऊ परत गेला त्या संध्याकाळी मेंढरांवाला लागला. मी चकती लावली, शिटी उतरवली, काहीच नाही तिथं थांबले. तुम्ही की हातात घेतलीत आणि बराच वेळ पाठवत राहिलात. तुम्ही पाठवता ते मला हेडफोनात ऐकू यायचं. मधेच मी माझ्या नवऱ्याचं नाव ऐकलं. नंतर नंबर, पलटण. तिकडून उत्तर आलं ते तुम्ही मला मराठीत सांगितलं नाही. सांगितलंत ते दुसऱ्या दिवशी, तेही तुटक: त्याचा धाकटा भाऊ अजून फौजेत आहे, त्याच बेटांवर, थडगी शोधून नोंदवायच्या कामावर आहे. तो विचारून बघेल. “घरात बोलू नगंस,” तुम्ही म्हणालात. मी मान हलवली. मला ना आशा वाटली ना भीती. घेवड्याच्या शेंगा निवडायच्या राहिल्या होत्या, त्या जाऊन निवडल्या.

मधे बरेच आठवडे गेले. बॅटरी उतरली, भरून आणली. एकदा वळवानं एरियलची तार तुटली, तुम्ही वाकून वाकून ती जोडलीत. आणि मग ती संध्याकाळ येते. मी बसलेय, पदराखाली हेडफोन आहे, आत्याबाई चुलीशी आहेत आणि भाकरी थापल्याचा आवाज एका कानामागून येतोय. मेंढरांवाला लागतो. आज तो पावसाचं काही बोलत नाही. मी अक्षरं म्हणायला लागते. आवाज लाटेसारखा येतो आणि जातो. काही अक्षरं नीट, मग ‘गेलं, गेलं’, मग पुन्हा नीट. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघताय, बोटानं मांडीवर काहीतरी मोजताय. आणि मग मी म्हणते, डी. आय. ई. डी.

मला तो शब्द कळला, मामंजी. माझ्या तोंडातून पडायच्या आधीच, आय आल्याबरोबर. पण मनानं घालायचं नसतं, म्हणून मी पुढची दोन अक्षरं येईपर्यंत थांबले आणि आली तशी म्हटली. आवाज चढला नाही, पडला नाही. पुढचीही म्हणत गेले.

कोण, ते मात्र गेलं होतं. नावाच्या ठिकाणीच आवाज बुडाला होता. तुम्ही त्याला पुन्हा पाठवायला सांगितलंत. त्यानं पुन्हा पाठवलं, सावकाश, एकेक अक्षर वेगळं ठेवून, जसं लहान मुलाला घास भरवतात. या वेळी सगळं लागलं. नवऱ्याचं नाव मी उखाण्यातसुद्धा एकदाच घेतलं होतं. ते मी तुमच्यासमोर अक्षर-अक्षर करून, ओरडून घेतलं, वडिलांच्या म्हणजे तुमच्या नावासकट. मग नंबर. मग तोच शब्द पुन्हा. मग ताप, मग बेटाचं नाव, मग वर्ष. चुलीशी भाकरी थापायचा आवाज चालूच होता.

त्याचं संपलं. तुमचा हात कीवर होता, पण की खाली जात नव्हती. तिकडून प्रश्नाची खूण आली. मी म्हणाले, “मामंजी, तो विचारतोय, मिळालं का.” तुम्ही ऐकलंत. मग आखूड, लांब, आखूड, एवढंच पाठवलंत. आर. मिळालं. मग हात लांब करून तुम्हीच खटका बंद केलात, आणि जाळीवर हात ठेवून व्हॉल्व गार होईपर्यंत बसून राहिलात. मी उठून पानं घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला मळ्यात बोलावून घेतलंत. घरात तुम्हाला काही सांगायचं म्हणजे मी ओरडणार आणि सगळ्यांना कळणार, म्हणून. उसाच्या कडेला आपण उभे होतो. पलीकडच्या रानात मेंढरं बसवलेली होती. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “त्यो न्हाई, पोरी. काल कळलं. बेटावर तापानं गेला. लय आधीच गेला. तार आली, त्याच्या दुसऱ्याच वर्साला.” मग तुम्हीच म्हणालात, “आपुन बसलो वाट बघत.” मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. तुम्ही रात्रभर शब्द जुळवले असणार, ते मला वाया घालवायचे नव्हते.

“ऐकलंस का?” तुम्ही विचारलंत. “कळलं का तुला?”

“व्हय, मामंजी!” मी ओरडले. मेंढरांजवळचा धनगर वळून बघायला लागला.

“आता तू मोकळी हायस. भावाला कळवतो म्या.” आणि मग, “त्याला की धरायला म्याच शिकवली.”

त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं. मला ते सुचलंही होतं. पण ते ओरडून देण्यासारखं नव्हतं, आणि हळू बोलले असते तर तुम्हाला ऐकू गेलं नसतं. मी पदर नीट केला आणि आपण घरी आलो.

आत्याबाईंनी मानलं नाही. त्या म्हणाल्या, “बिनतारी म्हंजे वाऱ्यावरची गोष्ट. सरकारचा कागद दावा, मग रडते.” जेवायला बसताना त्या रोज जसं मुलाच्या नावचं एक पान वाढून ठेवायच्या तसं ठेवत राहिल्या. माझ्या बांगड्यांना त्यांनी हात लावू दिला नाही आणि तुम्हीही लावला नाहीत. भाऊ मला न्यायला आला तेव्हा त्या माजघरातून बाहेर आल्या नाहीत. मी पाया पडायला आत गेले. त्या भिंतीकडे तोंड करून निवडत बसल्या होत्या. मी वाकले तेव्हा म्हणाल्या, “एवढं मोठ्यानं कशापायी बोललीस गं तू?” त्यांनी चुलीशी बसून नाव ऐकलं होतं. नाव ऐकूनही त्या भाकऱ्या थापत राहिल्या होत्या. मी उठून बाहेर आले. गाडीपर्यंत तुम्ही आलात, माझं गाठोडं तुम्हीच उचललंत, आणि आगगाडी हलली तेव्हा फौजेत करतात तसा हात कपाळाशी नेलात. सुनेला कुणी असं करतं का? भाऊ हसला. मी हसले नाही.

सांगलीत माझं दुसरं लग्न झालं. त्यांची पिठाची गिरणी होती, पहिल्या बायकोची दोन मुलं होती. भला माणूस होता, माझ्यावर कधी हात उगारला नाही, मुलंही पुढं माझीच झाली. गिरणीच्या आवाजात दिवस जायचा. सरकारचा कागद मी आल्यावर बऱ्याच महिन्यांनी तुमच्याकडे आला असं कळलं. त्यानंतर तुम्ही एकदा सांगलीला आलात, घेवड्याची पिशवी घेऊन. ओटीवर बसलात. माझ्या नवऱ्यानं ओरडून तुमची चौकशी केली, गिरणीच्या सवयीनं त्याला ते सोपं गेलं. मग तो कामाला गेला आणि मी विचारलं, “मामंजी, सेट लावता का?”

“लावतो की,” तुम्ही म्हणालात. “काटा दिसतोय. खटका लावतो, तापला का बघतो. त्या मेंढरांवाल्याला पाठवतो कायबाय. हिकडचा पाऊस, ऊस. मग जरा थांबतो, त्याचं त्याला बोलून घेऊ देतो, आन् बंद करतो.”

“तो असतो का पण तिकडं?”

“असंल,” तुम्ही म्हणालात.

मी चहा आणला. तुम्ही बशीत ओतून प्यालात, संध्याकाळच्या गाडीनं परत गेलात. त्या बैठकीत मी म्हणायला हवं होतं की चार दिवस येते, ऐकून देते. घरात कुणी नको म्हटलं नसतं असं आता वाटतं. तेव्हा दुसऱ्या घरच्या सुनेनं पहिल्या सासरी जाऊन राहायचं हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं, माझ्याही आलं नाही. पुढच्या वर्षी थंडीत तुम्ही गेलात. मला कार्ड आलं ते दहावं होऊन गेल्यावर. मी ते वाचलं, कोपऱ्यात ठेवलं आणि दळणाचे डबे उतरवायला गेले.

संध्याकाळ होत आली आहे. मघाशी नात विचारून गेली, कुणाला लिहितेस. मामंजींना म्हटलं, तर तिला ते कोण हे ठाऊक नाही. या घरात तुमचं नाव निघालेलं नाही. हे कागद मी बंबात घालीन बहुतेक, उद्या पाणी तापवताना.

त्याआधी एक सांगते. ती चार अक्षरं आली तेव्हा मला तुमच्या मुलासाठी काहीतरी वाटायला हवं होतं. मी वाट बघितली, त्या रात्री आणि नंतरही, पण आलं नाही. ती अक्षरं म्हणत असताना माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता मला इथून नेतील, आणि मग मामंजींसाठी कोण ऐकणार.